डाव्या बाहीचं माप

काष्टीचा बाजार उरकून बन्सी दिवेलागणीला वस्तीवर परतला. पिशवीत मीठ होतं, मिरची होती आणि खाकी लोकरीचे दोन गुंडे होते. मेलेल्या पोरासाठी लोकर आणणारा बाप कुठं बघितलाय का तुम्ही? बन्सी आणायचा.

पोरगं, कानिफनाथ, पलटणीत होतं. ब्रह्मदेशात पडलं. बरोबरीच्या गहिनीनाथनं पत्र धाडलं, ते विष्णुपंत मास्तरांनी शाळेमागं नेऊन वाचून दाखवलं. 'नदीकाठी पुरलं. डावा हात काही सापडला नाही.' बन्सीनं मास्तरांना शपथ घातली आणि पत्र कणगीत ज्वारीखाली खुपसलं. पोराची आई कडूबाई, तिचं काळीज आधीच दुखणाईत. ऐकलं असतं तर बाई तिथंच आटोपली असती.

कडूबाई मिशनच्या दवाखान्यात विणायला शिकलेली. मोतीबिंदूनं डोळे गेले, बोटं गेली नव्हती. बापलेकाची अंगलट एक, म्हणून ती बन्सीलाच उभं करून दोऱ्यानं माप घ्यायची. छातीची एक गाठ, उंचीची एक, उजव्या हाताची एक, डाव्याची एक. झालेला स्वेटर बन्सी "टपालात टाकतो" म्हणायचा आणि कणगीत कोंबायचा. असे दोन झाले होते.

"आलात? लोकर गावली?"

"गावली. ऊठ, माप घे."

"आता आनी कशापायी? दुपारी घेतलं की."

"कुनाचं?"

"तुमचंच! याड लागलंय का? दारातनं आलात, उभं ऱ्हायलात... तोंडातनं सबूद न्हाई. अंग निस्तं गार. म्हनलं, म्हातारं वढ्यात पडलं का काय!"

दुपारी बन्सी बाजारात मिरचीवालीशी भांडत होता.

"डावा हात पुढं करा म्हनलं, तर केला न्हाई..." कडूबाई हळू म्हणाली. "रुसलात व्हय?"

तिनं दोरा पुढं केला. ओला होता. गाठी तीनच.

मास्तरच बोलला असणार! बन्सीनं मनातल्या मनात शिवी हासडली, चिमणी उचलली आणि कणगीत हात घातला. पत्र होतं तिथंच होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. पण आतून वास आला. ज्वारीचा नव्हे, आपल्याकडच्या मातीचाही नव्हे. कुजक्या पाल्याचा, साचल्या पाण्याचा.

त्यानं स्वेटर बाहेर ओढले. दोन्हींच्या उजव्या बाह्या कोपरात वाकलेल्या होत्या, घासून विरलेल्या होत्या. डाव्या बाह्या मात्र आत्ताच सुईवरून उतरल्यासारख्या, सपाट, कोऱ्या.

मागं सुया वाजल्या.

"अहो... ह्या खेपंला डावी बाही घालू, का नको?"

बन्सीनं चिमणी वर धरून मागं बघितलं.

कडूबाई त्याच्याकडं वळलीच नव्हती. दाराकडं तोंड करून ती कान देऊन ऐकत होती. मग तिनं मान हलवली.

"बरं," ती म्हणाली, "न्हाई घालत."