दाढेतला ब्रश

कासू स्टेशन मागे पडलं, किमयाने एक फुटाणा चावला... आणि पुढचे मुठीतच राहिले. खिडकीबाहेर श्रावणातला ऊन-पाऊस हिरव्या शेतांवर सोबतच उतरत होता; तिच्या डोळ्यांपुढे मात्र काजवे चमकले.

"चावताना दुखतं, की दाब सोडताना?"

समोरच्या बाकावरचा तरुण विचारत होता. कपाळावर ओले केस, मांडीवर मिटलेली छत्री.

"सोडताना," गालावर हात दाबत ती म्हणाली. मग भुवई चढली. "तुम्हाला काय करायचंय?"

"रोह्याला दातांचा दवाखाना हाय माझा. प्रणित. गाडीत पेशंट शोधत नाय मी, पण तुम्ही समोरच रडायला लागलात."

"रडत नाय मी. लवंग हाय माझ्याकडे."

"लवंगेनं ठणका झोपतो, कारण जात नाय. थंड-गरम झोंबलं तर बहुतेक कीड. हिरडी सुजून ठणकली तर आत पू असू शकतो. सोडताना कळ आली तर दाताला चीर गेल्याचा संशय. दोन दिवसांवर दुखणं टिकलं की दाखवायचं. आणि गाल सुजला, ताप आला, गिळता येईना... तर त्याच दिवशी."

"एवढं सगळं फुकट?"

"अर्धंच सांगितलं. उरलेलं ऐकायला उद्या या."

हसतानाही दाढ दुखते, हे तिला तेव्हा कळलं.

रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात धाकट्या बहिणीकडे मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून ती त्याच्या दवाखान्यात गेलीच. तो दिवा धरून वाकला, तशी तिने डोळे मिटून घेतले... इतक्या जवळून तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"चीरच हाय. सुपारी फोडता?"

"नाय."

"बाटल्यांची झाकणं?"

"नाय ओ." ती लाजली. "ब्रश चावते."

पेणला थोरल्या दाजींच्या गणपतीच्या कारखान्यात किमया डोळ्यांची आखणी करायची. एका ब्रशावर पांढरा रंग, दुसऱ्यावर काळा. एक उजव्या हातात, दुसरा दाढेत आणि डावा हात मूर्तीच्या मानेला आधार देत. रेघ ओढताना श्वास रोखला की जबडा आपोआप आवळायचा. लहानपणापासूनची सवय.

"उपचार करून कॅप बसवू, दात वाचेल," तो म्हणाला. "पण पुन्हा ब्रश चावलात तर काढावाच लागेल."

"मग माझा तिसरा हात गेला."

तो हसला नाही. तेवढ्यानेच तिला तो आवडला.

मग दुपारच्या गाडीने रोह्याला खेपा सुरू झाल्या. बधिर ओठांनी ती बोबडं बोलायची, तो मुद्दाम पुन्हा विचारायचा. केव्हातरी 'अहो'चं 'अरे' झालं. कॅप बसली, दुखणं थांबलं आणि परतताना किमयाला रडू आलं. आता जायचं ते कशासाठी?

कारखान्यात वेगळंच संकट उभं होतं. दुसरा ब्रश वाटीत ठेवायचा म्हणजे उचलायला वाकणं आलं. वाकलं की श्वास मोडायचा, रेघ हलायची. दाजींनी एका मूर्तीकडे बराच वेळ पाहिलं.

"बाप्पा कुठं बघतोय गो? पुसून परत कर. नाय जमलं तर आखणी दुसऱ्याला देतो. गणपती तोंडावर आलेत."

ते निघून गेले. सगळ्या कोऱ्या डोळ्यांच्या मूर्ती तिच्याकडे तोंड करून बसलेल्या. किमयाने काळा ब्रश उचलला... आणि हळूच दाढेत धरला.

"किमया."

दारात प्रणित उभा होता. तिने चटकन ब्रश काढला. डोळे भरून आले.

"दात राहू दे नायतर जाऊ दे. माझं काम जाईल. कुठं धरू मी हा?"

त्याने बाह्या सरसावल्या, तिच्या शेजारी पाटावर बसला आणि तळहात पुढे केला. "इथं धर."

तिने श्वास रोखला. त्यानेही. पांढरा रंग भरला, न वाकता ब्रश बदलला, काळी रेघ पापणीवरून अलगद उतरली... आणि बाप्पाने शांतपणे समोर पाहिलं.

"तू आलास कशाला?" तिने विचारलं.

"दाढ बरी झाली तुझी. आता कुठलं कारण सांगून भेटायचं, ते पेणपर्यंत सुचलं नाय. म्हणून खरंच सांगतो... तू आवडतेस मला."

किमयाचे कान तापले. "खूप मूर्ती राहिल्यात. हात अवघडेल तुझा."

"अवघडू दे."

"पुढच्या वर्षीही असतील."

"असू दे की."

तिने काळा ब्रश पुन्हा त्याच्या तळहातावर ठेवला... आणि पुढच्या मूर्तीकडे वळण्याआधी आपली बोटंही थोडा वेळ तिथंच राहू दिली.