शेरभर राळं

संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. शेजारचे केरबा आज्जा आधी वेळ सांगतात, मगच गोष्ट. काल रात्री लाईट गेल्यावर आम्ही अंगणात बसलो होतो. माझ्या मांडीवर लेक, पोटात दुसरं. सासूबाई शेजारीच.

आज्जांचे दोस्त आकाराम इचलकरंजी रस्त्याला वडापची, म्हणजे सीटवर माणसं भरून न्यायची जीप चालवतात. त्या दिवशी ते गॅसची टाकी आणायला निघाले होते. वाटेत धोंडुबाईच्या दारात माणसं जमलेली दिसली. तिची सून दीपा सकाळपासून अडली होती; पोरगा यंत्रमागाच्या कारखान्यात पाळीला गेलेला. आता रक्त थांबत नव्हतं.

"मावशी, घाला गाडीत. अर्ध्या तासात दवाखाना हाय."

"पोरगा पाळीवरनं येऊ दे. त्याला इचारल्याबिगर न्हाय."

"मग फोन लावा की त्याला."

"मागाच्या खडखडाटात ऐकू येतंय व्हय? आन् तू कोण रं सांगणारा? आमी काय घरात बाळंत झालो न्हाय?"

आकाराम गाडी चालू ठेवून दोन तास थांबले. साडेनऊला दीपा गेली, पोटातल्या बाळासकट. पोरगा दहाला आला.

बाळंतपणात गेलेली बाई परत येते म्हणून आमच्याकडं स्मशानापासून दारापर्यंत राळं टाकतात, ते बारीक पिवळं धान्य. सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नाही. धोंडुबाईने शेरभर राळं स्वतः टाकलं. सुनेला गाडीत घालायला हात उठला नव्हता. याला उठला.

पोराचं दुसरं लग्न झालं. दोन वर्षांनी दुसरी सून सोनम अडली. तोच महिना. तेच सात वीस.

आकाराम त्याच रस्त्याने येत होते. मधोमध एक बाई उकिडवी बसलेली. काहीतरी वेचत होती. हॉर्न दिला. हलली नाही. मग उठली, मूठ झाकून. मागं येऊन बसली.

"कुठं उतरायचं, ताई?"

आकारामांनी आरशात बघितलं. ती खाली वाकली होती. जीपच्या पत्र्यावर नखं. खर्र... खर्र...

धोंडुबाईच्या दारात गाडी आपोआप बंद पडली. आत सोनम ओरडत होती. धोंडुबाई तरातरा बाहेर आली.

"पोरगा पाळीवरनं..."

तिची नजर मागच्या सीटवर गेली.

धोंडुबाई बाजूला झाली. बायकांनी सोनमला आणून गाडीत घातलं. तेव्हा मागं कुणी नव्हतं, आणि गाडी पहिल्याच चावीला चालू झाली.

सोनम वाचली. पोटातली पोरगीपण. धोंडुबाई त्या दिवसापासून बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला राळ्याचा ढीग. मापून बघितलं. शेर काठोकाठ भरला.

आज्जांनी गोष्ट एवढ्यावर संपवली. माझे मालकसुद्धा रात्रपाळीला असतात.

जिच्या घरात पोटुशी बाई आहे, तिला हे सांगा. तिच्या सासूला आधी सांगा. कुणाच्या पाळीची वाट बघू नका.