रुग्णाला स्पर्श करू नका

नवरा डबा विसरला म्हणून ती भर दुपारी छापखान्यात गेली. दुसरेपणावर दिलेली बायको. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासरी एकच पालुपद, ‘पहिली लाखात एक होती.’ हिच्या हातचं खायचं आणि गुण तिचे गायचे. नवरा तोंडानं काही म्हणायचा नाही, पण झोपेत हाक पहिलीलाच. मेलेल्या सवतीशी भांडणार तरी कसं?

डबा घेता घेता त्यानं छाती धरली आणि तो तिच्या पायाशीच कोसळला. फोरमननं नाकाशी गाल नेला. “श्वास नाही...” म्हणत तो छाती दाबू लागला. कुणी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, कुणी भिंतीवरचं शॉक द्यायचं मशीन आणलं. छपाई थांबली, शाईचा उग्र वास तेवढा राहिला. छातीवर पट्ट्या चिकटवल्या तसं मशीन बोललं, “रुग्णाला स्पर्श करू नका.”

सगळे मागे सरले.

“कुणीतरी रुग्णाला स्पर्श करत आहे. दूर व्हा.”

“वहिनी, तुम्ही...” फोरमन पुटपुटला.

“मी कुठं हात लावलाय?”

फोरमननं पुन्हा छाती दाबली, पुन्हा हात उचलले. मशीनचं तेच. मग तिला नवऱ्याचं मनगट दिसलं. कातडी दबलेली, चार बोटांचे खळगे पडलेले. कुणीतरी घट्ट धरून बसलं होतं.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीतीपेक्षा चीड मोठी होती. त्या रिकाम्या जागेशी वाकून ती दबक्या आवाजात म्हणाली, “जन्मभर तुझाच होता ना गं... भिंतीवरच्या फोटोत तू, झोपेत तू. माझ्या वाट्याला नुसता जिवंत तरी राहू दे. सोड त्याला...”

खळगे हळूहळू भरून आले.

“शॉक देत आहे,” मशीन म्हणालं.

अंग उसळलं. फोरमन पुन्हा दाबत राहिला आणि ॲम्ब्युलन्स दारात येईतो घशातून घरघर आली, श्वास आला. ती मटकन खाली बसून रडली. आपण जिंकलो, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

दवाखान्यात तो शुद्धीवर आला. तिच्याकडे बघून त्याचे डोळे भरले.

“का सोडवलंस मला?”

ती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. नर्स मशीनच्या तारा घेऊन आत आली, पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणाली, “ईसीजी काढायचाय, बाई. मिस्टरांचा हात सोडा जरा...”

मग नर्सनं दाराकडे पाहिलं.

“आणि तुम्ही कोण, पेशंटच्या?”