डिस्कची तब्येत

पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती एकवीस वर्षं लोकांचं रक्त तपासत आली होती. माणूस थापा मारतो, रक्त मारत नाही, असं तिचं साधं मत होतं. त्यामुळे घरातला जुना लॅपटॉप कटकट आवाज करायला लागला तेव्हा ती अंदाज बांधत बसली नाही. उचलला आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला.

एरवी तिने इतकी घाई केली नसती. पण त्या लॅपटॉपमध्ये नवऱ्याचा आवाज होता.

नवरा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. तिथे सगळे त्याला 'भोंगा' म्हणायचे, आणि त्यालाही त्याचं कौतुकच होतं. मग घशात गाठ निघाली. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं सर्जनने सांगितलं. हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सहाशे वाक्यांची यादी हातात ठेवली. ती आधीच रेकॉर्ड करून ठेवा, म्हणाल्या. त्यावरून एक यंत्र बनवता येईल, तुम्ही टाइप कराल ते तुमच्याच आवाजात बोलेल. तीन आठवडे तो रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून वाचत होता. 'खिडकी जरा लावून घे.' 'आज बाहेर बरंच ऊन आहे.' शेवटच्या शंभर वाक्यांना घसा इतका बसला की दर वाक्यामागे पाण्याचा घोट घ्यावा लागला. ऑपरेशन तोंडावर आलं होतं; ती वाक्यं पुन्हा म्हणवून घेणं आता शक्य नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर टाकलं. ते उघडलं की हार्ड डिस्कची तब्येत टक्क्यांत दिसायची, खाली तिचं तापमान, त्याखाली खराब सेक्टरांची, म्हणजे वाचता न येणाऱ्या तुकड्यांची, संख्या. तब्येत एक्क्याण्णव टक्के. खराब सेक्टर आठ. त्याने फायली पेनड्राइव्हवर घ्यायचा प्रयत्न केला, तर कॉपी तीनदा एकाच ठिकाणी अडकली.

"ताई, बळजबरी नको," तो म्हणाला. "मी पुढच्या आठवड्यात नीट काढून देतो. तोवर दिवसातून एकदा उघडा, आकडे बघा, बंद करा. खराब सेक्टर कमी कधीच होत नाहीत. वाढले नाहीत म्हणजे जिंकलो."

ऑपरेशन ठरल्या वेळी झालं, चांगलं झालं. ती लॅपटॉप पिशवीत घालून हॉस्पिटलात घेऊन आली होती, कारण रिकाम्या घरात तो ठेवायला मन घेईना. आयसीयूबाहेरच्या बाकावर नणंद शेजारी बसली होती. दुपारी तिने लॅपटॉप उघडला. तब्येत चौऱ्याऐंशी. तापमान अडतीस.

रात्रभर बंद असलेला लॅपटॉप, वर एसीची गार हवा. डिस्क पंचवीसच्या वर असायचं काही कारण नव्हतं. तिने पाठीवर हात लावून पाहिला. कोमट लागला.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याला ताप चढला. जखमेत जंतुसंसर्ग झाला होता. आत जायला मिळालं तेव्हा तिने सवयीने पलंगाच्या पायथ्याशी लावलेला तापाचा कागद वाचला: एकोणचाळीस अंश सेल्सिअस. बाहेर येऊन लॅपटॉप उघडला. एकोणचाळीस. तब्येत बासष्ट.

ती स्वतःशीच हसली. रोज शंभर नमुने बघणाऱ्या बाईला योगायोग कळायला हवा.

चौथ्या दिवशी कागदावर चाळीस होतं, आणि लॅपटॉपवरही चाळीस. खराब सेक्टर तीनशे बारा. ती हसली नाही. नणंदेलाही काही सांगितलं नाही. ती आधीच रडून रडून अर्धी झाली होती.

पाचव्या दिवशी, तीनच्या सुमाराला, आतून एक नर्स धावत बाहेर आली आणि दोन डॉक्टरांना घेऊन पुन्हा आत गेली. दार बंद झालं.

तिने लॅपटॉप उघडला. तब्येत तीन टक्के.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, "आत्ताच्या आत्ता बंद करा. नाहीतर हाती काही लागणार नाही."

तिने बटणावर बोट ठेवलं. स्क्रीनवर सॉफ्टवेअरशिवाय काहीच उघडं नव्हतं. तरी डिस्कचा बारीक दिवा अखंड लुकलुकत होता. आतला आवाज कटकट राहिला नव्हता. संथ होता, एका लयीत, मध्ये जरा थांबून पुन्हा सुरू होणारा.

"वहिनी, काय म्हणाला तो?" नणंदेने विचारलं.

"बंद करा म्हणाला."

"मग करा ना."

"नाही," ती म्हणाली. "चालू दे."

ती लय मध्येच तोडायला तिचा हात होईना. तिने बोट काढून घेतलं आणि पंजा लॅपटॉपवर टेकवून ठेवला. चटका बसेल इतका तो तापला होता.

चार वाजता दिवा विझला.

तिने स्क्रीनकडे पाहिलं. तापमान अडतीस. तब्येत शंभर. खराब सेक्टर शून्य.

पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. थोडी गडबड झाली होती, म्हणाले, पण आता ताप उतरतोय, धोका टळला. नणंद तिच्या गळ्यात पडली. आणि तिला, पाच दिवसांत पहिल्यांदा, कडकडून भूक लागली.

दुरुस्तीवाल्याने ते शून्य बराच वेळ निरखलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. असं होत नसतं, म्हणाला. फायली मात्र एका दमात उतरल्या, सहाशेच्या सहाशे. त्याने त्या तीन ठिकाणी ठेवून दिल्या.

नवरा घरी आला. महिन्याभरात यंत्रही आलं. खुर्चीत टेकून तो एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागला. मग खोलीत त्याचा आवाज आला, जाड, खणखणीत: "अगं, चहा टाक. कधीपासून मागायचा राहिलाय." नणंद हसता हसता रडली. नणंदेला तिथेच सोडून तिने चहा टाकला, आणि आधणाकडे बघत डोळे कोरडे होईपर्यंत उभी राहिली. माणूस वाचला होता, आवाजही वाचला होता. आणखी काय हवं होतं?

पुढे एका सकाळी तो फिरायला गेला असताना, नुसतं ऐकावं म्हणून तिने मूळ फायली उघडल्या. सगळ्यांवर तारीख हॉस्पिटलातल्या त्या पाचव्या दिवसाची होती. पहिल्या फाइलवर वेळ तीन दहा. शेवटच्या फाइलवर चार.

तिने एक लावली. 'खिडकी जरा लावून घे.' घसा बसलेला नव्हता. तिने शेवटच्या शंभरांतल्या दोन-तीन लावून पाहिल्या; तिथेही नव्हता. स्वयंपाकघरातला नळ, रस्त्यावरची वाहनं, काही ऐकू येत नव्हतं. वाक्यांच्या मागे दुसराच आवाज होता, बारीक, ठरावीक अंतराने होणारा. पाच दिवस दाराबाहेर बसून तिला तो पाठ झाला होता. पलंगाशेजारच्या, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या मॉनिटरचा.

ती एकामागून एक ऐकत गेली.

चारशे अकराव्या वाक्यापाशी मॉनिटरचा ठोका चुकला आणि मग लांबलचक, सलग सूर लागला, हृदय बंद पडल्यावर लागतो तसा.

नवऱ्याचा आवाज थांबला नाही. चारशे बारा. चारशे तेरा. चारशे चौदा. संथपणे, एकही शब्द न गाळता, तो पुढे वाचत राहिला.