गुणगुणणारा खोका

या, असे जवळ सरका. खांबाला पाठ टेकवा, निवांत बसा. एका खोक्याची गोष्ट ऐकवायची आहे. दिसायला खोक्याचीच, पण पोचते माणसापाशी.

भिंतींना कान असतात हे आपण पूर्वापार ऐकत आलो. पुढे त्यांना तोंडही फुटलं. घरोघर बोलकी मदतनीस आली. दिवा लाव म्हटलं की दिवा लावी, औषधाची वेळ झाली की हाक मारी. कुरुंदवाडच्या वैजयंतीनं आपल्या घरच्या मदतनिशीचं नाव सारजा ठेवलं होतं. सारजा वाटीएवढी आणि तिचा आवाजही वाटीएवढाच. स्वयंपाकघरापुरता ठीक, देवळाच्या सभामंडपात मात्र पहिल्या रांगेच्या पुढे जाणारा नव्हे.

आणि यंदा सारजाला सभामंडपातच न्यायचं होतं. वैजयंती कीर्तनकार. तिचे वडील वामनबुवा नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनकार उभा राहतो त्या जागी, आयुष्यभर उभे राहिले. महासाथीच्या वर्षी देवळांची दारं बंद झाली, तेव्हाही त्यांनी उत्सवाचं कीर्तन चुकवलं नाही. रिकाम्या सभामंडपात रेकॉर्डर लावून एकटेच उभे राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले. त्या कीर्तनाच्या शेवटी एक वाक्य आहे: "माझ्यामागे या गादीवर वैजू उभी राहील."

थोरले शिष्य होते मुकुंदबुवा. गादी त्यांचीच, असं सारा गाव धरून चालला होता. पण ते वाक्य कानी पडलं, तसं त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून वैजूच्या हाती दिलं आणि झांज घेऊन तिच्या मागे उभे राहिले. त्याला वीस वर्षं झाली. आता पुण्यतिथीला ते कीर्तन सगळ्यांना ऐकवायचं ठरलं होतं.

दुकानात वैजयंतीनं स्पीकर पाहिले. एक बॅटरीवरचा, रंगीत दिव्यांचा.

"हा नको," ती म्हणाली. "गेल्या वर्षी असलाच होता. ऐन आख्यानात धापा टाकून गप्प झाला. भिंतीतल्या विजेवर चालणारा दाखवा. आणि माझ्या ऐपतीतला."

दुकानदारानं कोपऱ्यातून लाकडी खोका ओढला. "हा आहे, ताई. आवाज दणदणीत. फक्त जरा गुणगुणतो. महाग खोक्यात ती गुणगुण गाळून टाकतात."

"गुणगुणू दे. कीर्तनाला तंबोरा लागतोच की."

घरी येऊन तिनं खोका सारजाला जोडला. वामनबुवांचा आवाज खोली भरून घुमला आणि वैजयंतीचे डोळे भरून आले. पण थोड्याच वेळात तिच्या कपाळाला आठी पडली. बुवांच्या आवाजाखाली काहीतरी हळूहळू फुगत होतं, ओसरत होतं, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. तिनं शेजारच्या नेमिनाथ मगदूमांना हाक मारली. वीजवहनाच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवलेले शास्त्रज्ञ, पण तिला लहानपणापासूनचे नेमूदादाच.

"नेमूदादा, खोका बेसूर निघाला हो."

नेमूदादांनी कान लावला आणि हसले. "बेसूर नाही गं. दोन तंबोरे वाजतायत. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्याची ही गुणगुण. पण पन्नास म्हणजे नेमके पन्नास नव्हेत. गावोगावचे पंप सुरू झाले की हेलकावे किंचित मंदावतात, बंद झाले की किंचित वाढतात. साऱ्या देशाच्या तारा एकमेकींना जोडलेल्या, म्हणून त्या घडीला ही नाडी सगळीकडे एकच."

"बरं, मग दोन तंबोरे कुठले?"

"एक आजचा, या खोक्यातला. दुसरा त्या दिवशीचा. देवळाचा जुना ध्वनिक्षेपक गुणगुणत होता, ते रेकॉर्डरनं टिपलं. दोन तारा जवळपास लागल्या, पण पुऱ्या जुळल्या नाहीत, की काय होतं?"

"डोल येतो," वैजयंती चटकन म्हणाली.

"तोच हा डोल. म्हणजे तो दिवस या आवाजात अजून जिवंत आहे. बॅटरीवरचा खोका आणला असतास, तर कळलंही नसतं."

दोघं ऐकत बसली. आख्यान संपलं. डोल चालूच होता. मग कुठंतरी 'खट्' झालं आणि डोल थांबला. उरली फक्त आजची, सपाट गुणगुण. आणि तिच्यावर बुवांचा आवाज: "माझ्यामागे या गादीवर वैजू उभी राहील."

नेमूदादा खाली पाहू लागले.

"बोला की," वैजयंती म्हणाली.

"हे रेकॉर्डिंग पहिल्यांदा मिळालं तेव्हा धड होतं?"

"शेवटाला खरखर होती. काहीच कळत नव्हतं. मीच सारजाला सांगितलं, नीट कर म्हणून."

"त्या वेळच्या यंत्रांत पूरणवाणी असे. फाटलेल्या आवाजाला ती त्याच माणसाच्या आवाजाचं ठिगळ लावी. शब्द कळले तर तेच, नाही कळले तर शोभतील असे. ठिगळाला त्या दिवसाची गुणगुण नसते."

वैजयंती सारजाकडे वळली. "सारजा, हे वाक्य बाबांचं की तुझं?"

"मला सांगता येणार नाही," सारजा म्हणाली. "तेव्हा पूरणाची खूण ठेवत नसत. तुम्ही नीट करायला सांगितलं होतं. ते नीट झालं आहे."

वैजयंती बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. मग एकाएकी ताठ बसली. "थांबा, दादा. आमच्या देवळाची रीत विसरलात. आख्यान झालं की मेन स्विच बंद करतात. शेवटचा आशीर्वाद फक्त समईच्या उजेडात. बाबा एकटे असले तरी रीत मोडायचे नाहीत. ते 'खट्' स्विचचं. ध्वनिक्षेपक बंद पडला, रेकॉर्डर आपल्या बॅटरीवर चालत राहिला. मग गुणगुण येणार कुठून?"

नेमूदादांचा चेहरा उजळला, पण लगेच उतरला.

"काय झालं?"

"वैजू, त्या यंत्रानं बुवांची कितीतरी कीर्तनं ऐकली होती. आशीर्वादाआधी 'खट्' होतं आणि गुणगुण थांबते, हे त्यालाही पाठ असणार. ठिगळ लावताना त्यानं रीतही पाळली असेल."

"म्हणजे कळायचा मार्ग नाही?"

"माझ्या शास्त्राकडे तरी नाही."

पुण्यतिथीला सभामंडप भरला. खोका गुणगुणत होता, बुवा गात होते. वैजयंती गादीशेजारी उभी होती. 'खट्' झालं, तशी ती शांतपणे म्हणाली, "सारजा, थांब." मग लोकांना तिनं सगळं सांगितलं, डोल आणि पूरणवाणी, काही न गाळता. "इथवरचे बाबा, याची मला खात्री आहे. पुढचं देवाला माहीत." तिनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मागे वळून पुढे केलं. "मुकुंदकाका, हे तुमचं असेल."

मुकुंदबुवांच्या हातातली झांज वाजायची थांबली होती. केस पांढरे, पाठ वाकलेली.

"असेल, बाळ," ते म्हणाले. "पण बुवा बोलले असतील या विश्वासावर मी वीस वर्षं मागे गायलो. माझ्या गळ्याला आता मागचाच स्वर येतो. पुढे उभा राहणारा मुकुंद कसा झाला असता, ते मला तरी कुठं ठाऊक? तेवढं पूरण तुझ्या सारजालाही जमणार नाही."

वैजयंतीनं उपरणं मागे घेतलं नाही. "तर मग आजच्या कीर्तनाचं नमन तेवढं तुम्ही करा. धृपद मी धरते, तुमच्या मागे उभी राहून."

मुकुंदबुवा गादीवर आले. पहिला स्वर कापला, दुसरा बसला. मागून वैजयंतीचा स्वर येऊन मिळाला. दोन्ही अगदी जुळले नव्हते. सभामंडपभर एक संथ डोल उठला, आणि माणसं नकळत त्यावर झुलू लागली.

तर मंडळी, उद्या तुमच्याही घरचं यंत्र एखाद्या गेलेल्या माणसाच्या आवाजात तुम्हाला हवं तेच बोलेल. ऐका, डोळेही पुसा. पण ते ऐकून कोण मुकाट मागे सरलं, तेही वळून पाहा. आणि त्या वेळी आमच्या मुकुंदबुवांची आठवण ठेवा.