हे मागून येताहेत

आठवडाभर अर्लीन इस्पितळातल्या मशीनमधल्या बिस्किटांवर होती. त्या दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा ती खाली दारावरच्या पहारेकऱ्याकडे गेली.

"जवळ काही खायला मिळेल का हो? चालत जाण्याजोगं, आणि फार महाग नको."

तो हसला. "ताई, या सवाना शहरात जवळ ते महाग आणि स्वस्त ते लांब! दोन्ही जमवायचं तर चौकापलीकडे मिस ओफीलियाची खानावळ. अनोळखी माणसांच्या पंगतीत बसावं लागेल मात्र."

वर तिचा नवरा हॉइट निजून होता. दोन महिने त्याचा पाय जमिनीला लागला नव्हता. डॉक्टरांनी आशा सोडली नव्हती, म्हणून अर्लीनलाही ती सोडवत नव्हती, आणि त्या आशेचंच ओझं तिला आता पेलवेनासं झालं होतं. "आलेच हं," असं त्याच्या कानाशी सांगून ती निघाली.

भर दुपार, पण चौकात अंधारल्यासारखं होतं. ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं शेवाळ ऊन खाली उतरूच देत नव्हतं. वारा पडलेला. ओल्या मातीच्या वासात कुठून तरी तळणीचा वास मिसळला होता, त्याच्या मागे ती चालत राहिली.

खानावळीत एकच लांब टेबल होतं. आठ माणसं गप्प बसलेली, दोन खुर्च्या रिकाम्या. चवळी, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव यांच्या वाफा निघत होत्या, पण कुणी हात लावला नव्हता.

"एकट्याच?" मिस ओफीलियाने विचारलं.

आठही चेहरे वळले. चारचौघांत एकटीने जेवायला बसायची अर्लीनला जन्मात सवय नव्हती. लाजेकाजेस्तव तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही, हे मागून येताहेत."

"मग थांबू या. पंगत भरल्याशिवाय आम्ही प्रार्थना म्हणत नाही."

अन्न निवत चाललं. अर्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही सुरू करा ना. त्यांना उशीर होईल..."

"होऊ दे. त्यांची भेंडी वेगळी काढलीय, टोमॅटो न घालता."

हॉइटला टोमॅटो चालत नसे. हे तिने इथे कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं..."

समोरचा कोटातला म्हातारा हळूच म्हणाला, "आम्हीही असेच कुणाकुणाच्या मागून आलो, ताई."

"खोटं बोलले मी! ते येणार नाहीत. त्यांना चालताच येत नाही हो..."

"अंतर कुठे फार आहे?" मिस ओफीलिया मायेने म्हणाली. "चालत येण्याजोगंच तर आहे."

अर्लीन उठणार तोच उजवीकडच्या बाईने तिचा हात धरला. साऱ्यांनी हातात हात घेतले, माना झुकल्या. प्रार्थनेला डोळे मिटायचे आणि आमेनआधी उघडायचे नाहीत, हे वळण लहानपणापासूनचं. तिचे डोळे आपोआप मिटले.

बाहेर ओट्याच्या फळ्या करकरल्या. अनवाणी, फरफटती पावलं आत आली. डावीकडची खुर्ची सरकली आणि एक थंडगार हात तिच्या हातात आला. त्यावर सलाईनच्या सुईची चिकटपट्टी होती. अंगठा अर्धाच, लाकूड कापायच्या गिरणीत तुटलेला. तो अंगठा तिने चाळीस वर्षं कुरवाळला होता.

"हॉइट... परत जा... पाया पडते."

"तूच म्हणालीस ना गं," कानाशी थकलेला आवाज आला, "मी मागून येतोय म्हणून..."

आमेन झालं. तिने डोळे उघडले. शेजारची खुर्ची रिकामी होती, पुढच्या ताटात भेंडी वाढलेली होती, आणि पंगत मुकाट्याने जेवायला लागली होती. ती धावत सुटली.

खोलीत नर्स तिची वाटच बघत होती. "आत्ताच गेले हो, झोपेतच. काही त्रास झाला नाही त्यांना."

अर्लीनला रडूही फुटेना. आपणच बोलावलं, आपणच नेलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

नर्स चादर वर ओढता ओढता हॉइटच्या हातापाशी थांबली. "सुई तर जागेवर आहे. चिकटपट्टी मीच लावली होती सकाळी... गेली कुठे?"

अर्लीनने डावी मूठ आणखी घट्ट आवळली.