रात्रीची गिनती

पाण्याच्या मोटारीची लाईट दीडला येणार. तवर बसा शेकत. शिवतेज, तू गावच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन झालास म्हणं? आणि काल कुणाला तरी काढून बी टाकलंस? वा रं गड्या, मिसरूड फुटायच्या आधी पाटीलकी! मग ही गोष्ट तू ऐकच. वाऱ्यावरची न्हाई, माझ्या पलटणीतल्या माणसावर गुदरलेली हाय.

उदयसिंह सुभेदार, मलकापूरचा. आमच्या सातारा-सांगलीच्या रिटायर फौजींचा ग्रुप त्यानंच काढला. पलटणीत रोज रात्री गिनती व्हायची, कोण हाय कोण न्हाई ते बघायला. तशीच त्यानं मोबाईलवर लावली. नऊला ज्यानं त्यानं 'हजर' लिहायचं. दहाला उदयसिंह ग्रुप बंद करणार, मग त्याच्याशिवाय कुणाला काय लिहिता यायचं न्हाई. राजकारण न्हाई, गुड मॉर्निंग न्हाई, रडगाणं न्हाई. तीन रात्री गैरहजर, की नाव कट. आमाला बी ते लय आवडायचं. म्हातारपणी कोण शिस्त लावतंय?

ग्रुपात धुळा व्हता. माण तालुक्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, हवालदार म्हणून रिटायर झालेला. खांद्यावर कायम काळं घोंगडं. फौजेत सामानावर नंबर टाकायची सवय, म्हणून घोंगड्याच्या कोपऱ्यात बी त्यानं तांबड्या दोऱ्यानं आपला नंबर शिवलेला. आमी लय चेष्टा करायचो त्याची. श्रावणात एका रात्री, दहाला पाच कमी असताना, त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'साहेब, रात्र निघत न्हाई. कोण तरी बोला माझ्यासंगं.'

उदयसिंहनं ते पुसून टाकलं. खाली लिहिलं, 'शिस्त पाळा. घरगुती गोष्टी सकाळी.' आणि ग्रुप बंद केला.

सकाळी धुळा न्हवता. कसा गेला ते इचारू नका, ते सांगून कुणाचं भलं व्हत न्हाई. पण एक सांगतो. पुसायच्या आधी मी बी वाचलं व्हतं ते. वाचलं, आणि फोन पालथा ठेवला. त्याची लाज मला आजबी वाटती.

उदयसिंह मातीला जाऊन आला. धुळाच्या भावानं ते घोंगडं त्याच्या अंगावर घालून सरणावर दिलं, ते त्यानं डोळ्यांनी बघितलं. पण ग्रुपवर बातमी टाकायला त्याचा हात उचलला न्हाई. कुणी इचारलं असतं, धुळाचं लिहिलेलं पुसलं का? त्यानं गपचीप नाव काढलं. मला तेवढं सांगितलं. मी बी गप बसलो.

आता त्या रात्रीचं ऐका. गेल्या मार्गशीर्षाची अवस. शुक्रवार, एकोणीस डिसेंबर.

उदयसिंह बहिणीला सोडाय दहिवडीला गेलता. जेवणखाण झालं. नऊची गिनती त्यानं तिथंच घेतली. पुसेसावळीकडचा आमचा अमृत नाईक तिसऱ्या रात्री गैरहजर. अमृतची बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, गडी मळ्यात एकटाच. उदयसिंहनं काय इचारलं न्हाई. नियमाप्रमाणं नाव कट केलं. दहाला ग्रुप बंद करून गाडीत बसला.

वडूज मागं पडलं. अकरा वाजून दहा मिनिटं. रस्त्याला चिटपाखरू न्हाई.

फोन वाजला.

'धुळा : हजर.'

उदयसिंहनं गाडी कडंला घेतली. परत वाचलं. ग्रुप तर बंद. धुळाचं नाव काढलेलं. त्याचं सिमकार्ड भावानं मोडून टाकलेलं. त्यानं लिहिलं, 'कोण?'



वर नुसतं दिसत राहिलं. धुळा टाइप करतोय… धुळा टाइप करतोय…

काचा बंद. तरी गाडीत मेंढरांचा वास.

मागं बघायची छाती झाली न्हाई. कारगिलला जाऊन आलेला माणूस त्यो.

मग आलं. 'साहेब, अमृतची गिनती घ्या.'

अमृतला फोन लावला. नुसता वाजला. परत लावला. न्हाई उचलला. परत… न्हाई.

गाडी पुसेसावळीकडं सोडली. फाटा. मळ्याची वाट. दोन्ही अंगाला ऊस. कुत्रं सुदिक भुंकंना.

गाडीच्या लाईटीत घराची पायरी दिसली. पायरीवर दोघं बसलेली.

लाईट घालवली. उतरला. बॅटरी मारली.

एकटा अमृत.

"अमृत…"

"आला व्हय, साहेब?" अमृत अगदी हळू म्हणला. "धुळा म्हणतच व्हता, साहेब निघालेत, येतील. तवर बस माझ्यापाशी, कुठं उठू नको. नवापासनं धरून बसवलंय बघा मला त्यानं." मग इकडं तिकडं बघितलं. "आत्ता तर हितं व्हता. गेला कुठं?"

धुळा मेल्याचं अमृतला ठाऊकच न्हवतं. बातमी टाकलीच न्हवती ना.

उदयसिंह तसाच त्याच्या शेजारी बसला, आणि आडपडदा न ठेवता इचारलं, "अमृत, खरं सांग. जीव द्यायचं मनात हाय का?"



"व्हय, साहेब. व्हतं."

उदयसिंह वरडला न्हाई. फौजीनं असं करायचं असतं का, असलं काय म्हणला न्हाई. "चुकलं माझं, गड्या," एवढंच म्हणला आणि त्याचा हात धरून बसला. अमृत बोलत गेला, ह्यो ऐकत गेला. पहाटं त्याच्या बायकोला फोन केला. उजाडल्यावर साताऱ्याला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. आज अमृत बरा हाय. गोळ्या चालू हायत, उसाला पाणी पाजतोय.

आता ग्रुप दहाला बंद व्हत न्हाई. कुणाचं 'हजर' आलं न्हाई, तर नाव कट करायचं न्हाई, आधी फोन लावायचा. उचलला न्हाई, तर शेजारच्या गावातला माणूस त्याच्या दारात पाठवायचा. रात्र असू दे न्हाईतर पाऊस.

तर सांगायचं ऱ्हायलं. त्या सकाळी अमृतच्या खांद्यावर काळं घोंगडं व्हतं. उदयसिंहला वाटलं, अमृतचंच असंल. बायको आली तवा म्हणली, "आवं, ह्ये आमचं न्हवं." कोपरा उलटून बघितला.

तांबड्या दोऱ्यानं शिवलेला नंबर. धुळाचा.

ते घोंगडं उदयसिंहनं गाडीत ठेवलं, मागच्या सीटवर. मी हात लावून बघितलंय. कवाबी बघा, कोणतरी नुकतंच उठून गेल्यासारखं ऊबदार.

आज दुपारी त्याचा फोन आलता. गाडीला कुलूप, काचा वर… आणि घोंगडं न्हाई. सकाळपासनं गडी एकेकाला फोन लावतोय. आमच्यातली समदी हजर हायत.

शिवतेज… काल ग्रुपातनं ज्याला काढलंस, तो पोरगा कोण रं?

लाव फोन. आत्ता लाव.